परकी भाषा, वर्गातील खेळ आणि कामगाराचा प्रश्न

कामगारांच्या प्रश्नांसाठी असलेल्या या पानावर परकी भाषेच्या वर्गातील खेळांची चर्चा पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची मला कल्पना आहे. कंत्राटी पद्धत, किमान वेतन, नव्या श्रमसंहिता असे विषय समोर असताना चिठ्ठ्या आणि फासे घेऊन कोठे बसलात, असा सवाल एका जुन्या कार्यकर्त्याने मला तोंडावरच केला. त्याला मी त्या वेळी दिलेले उत्तर अपुरे होते. ते पुरे करण्याचा हा प्रयत्न आहे.

तळवडे हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. देहू-आळंदी रस्त्याच्या या गावात आज एकीकडे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत, आणि दुसरीकडे पत्र्याच्या शेडमध्ये लेथ, प्रेस आणि वेल्डिंगची कामे चालणारी लहान वर्कशॉप्स आहेत. या पट्ट्याला परकी भांडवल नवे नाही. पंपांची के. एस. बी., बेअरिंगची एस. के. एफ., हत्यारांची सँडविक ही नावे पिंपरी, चिंचवड, दापोडीच्या जुन्या कामगारांना घरच्यासारखी आहेत. परंतु त्या काळी परकी भाषा साहेबाच्या केबिनपर्यंत येऊन थांबत असे. साहेब इंग्रजीत बोले, फोरमन मराठीत सांगे आणि कामगार हाताने करी. २००९ साली चाकणला फोक्सवागेनचा कारखाना सुरू झाला, जपानी आणि कोरियन कंपन्या आल्या, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईकडे गेला. आणि जर्मन, जपानी, कोरियन भाषांच्या वर्गांच्या पाट्या निगडी-चिखलीपर्यंत लागल्या. आता भाषेचा दाखला म्हणजे पगारातील वाढ, कायम होण्याची आशा, क्वचित परदेशी जाण्याचा परवाना झाला आहे. जेथे भाकरीचा संबंध आला तेथे ती भाषा कशी शिकवली जाते हा प्रश्न शिक्षणशास्त्रज्ञांवर सोडून देता येत नाही.

या भागातील कोणत्याही मध्यम कारखान्याच्या भिंतीकडे पाहा. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके हे पाच जपानी शब्द तेथे रंगवलेले आढळतील: निवडा, लावून ठेवा, स्वच्छ करा, नियम पाळा, शिस्त अंगी बाणवा. त्यांच्या जोडीला काइझेन, कानबान, पोका-योके, गेम्बा. दहावी नापास झालेला ऑपरेटरही हे शब्द घडाघडा म्हणून दाखवतो. म्हणजे आपल्या कामगाराला डझनभर जपानी शब्द आधीच येतात. त्यांत प्रश्न विचारण्याचा शब्द मात्र एकही नाही! कारोशी हा शब्दही त्या भिंतीवर नाही. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला जपानी भाषेत कारोशी म्हणतात, आणि २०१४ साली त्याच्या प्रतिबंधासाठी जपानच्या संसदेला कायदा करावा लागला. भाषा कोणासाठी आयात होते आणि तिच्यातील कोणते शब्द बंदरावरच अडवले जातात, हे यावरून दिसावे.

गंमत अशी की, जपानी भाषेत प्रश्न करणे मराठी माणसाला जड जाऊ नये. ‘तुम्ही येता का?’ या वाक्यात आपण शेवटी ‘का’ लावतो. जपानी माणूसही ‘किमासु’ म्हणजे येतो या क्रियापदाला ‘का’ लावून ‘किमासु का’ असेच विचारतो. एवढी जवळीक असताना आपल्याकडे पोहोचली ती फक्त आज्ञार्थी जपानी.

तळवड्यातील एका वस्तीत रविवारी सकाळी भरणाऱ्या जर्मनच्या वर्गात मी गेले काही महिने मागच्या बाकावर बसतो आहे. खोली भाड्याची, विद्यार्थी सतरा-अठरा. त्यांत फिटर आहेत, वीजतंत्री आहेत, एका खाजगी रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या दोन परिचारिका आहेत. निम्म्याहून अधिक मंडळी मराठवाड्यातून आलेली. सुरुवातीचे चार-पाच आठवडे वर्ग ज्या पद्धतीने चालला ती पद्धत आपण सगळे जाणतो. बाईंनी फळ्यावर क्रियापदाची रूपे लिहावीत, सर्वांनी एका सुरात म्हणावीत, वहीत उतरवावीत आणि पुढच्या रविवारी विसरावीत. बाईंचाही त्यात दोष नाही. त्या स्वतः तशाच शिकल्या आणि दोन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवून उरलेल्या वेळात येथे येतात. बारा तासांची पाळी संपवून आलेला माणूस या समूहपठणात निवांत झोपी जातो, कारण सगळे म्हणत असताना तो गप्प राहिला तरी कोणाला कळत नाही.

एके दिवशी बाईंनी पद्धत बदलली. दोघादोघांना पाठीला पाठ लावून बसवले. एकाच्या हाती आठवड्याच्या पाळ्यांचा तक्ता दिला. दुसऱ्याच्या हाती तोच तक्ता, पण निम्म्या जागा कोऱ्या. पहिल्याच्या तक्त्यातही काही जागा कोऱ्या होत्या, आणि त्या दुसऱ्याकडे भरलेल्या होत्या. नियम एकच: वळून पाहावयाचे नाही, मराठीत बोलावयाचे नाही, विचारून विचारून तक्ता पुरा करावयाचा. जी जोडी आधी पुरा करील ती जिंकली.

पहिली दोन मिनिटे शांतता. मग एकाने ‘व्हान बेगिन्ट दी फ्र्यूशिख्त’ म्हणजे सकाळची पाळी कधी सुरू होते असे अडखळत विचारले. समोरून आलेला आकडा त्याला कळला नाही. येथे त्याच्यापुढे दोनच वाटा होत्या: अंदाजाने काहीतरी लिहून हरणे किंवा ‘मला समजले नाही, पुन्हा सांगा’ असे म्हणणे. तो म्हणाला, ‘नोख आइनमाल, बिट्टे.’ पाच आठवडे हे वाक्य त्याच्या वहीत पडून होते. ते त्याच्या तोंडून बाहेर आले, कारण त्या क्षणी त्याला त्याची गरज होती. अर्ध्या तासात खोलीत असा गलका झाला की, शेजारच्या किराणा दुकानदाराने डोकावून भांडण तर नाही ना याची खात्री करून घेतली. चाळिशीतले एक टर्नर, जे त्या दिवसापर्यंत वर्गात अवाक्षर बोलले नव्हते, ते आपल्या जोडीदाराला दरडावून आकडे पुन्हा पुन्हा वदवून घेत होते. सुटताना ते बाईंना म्हणाले, “बाई, कारखान्यात एवढ्या वेळा ‘कळलं नाही’ म्हणालो असतो तर ब्रेकच मिळाला असता.” ब्रेक म्हणजे काय हे कंत्राटी कामगारांना सांगावयास नको.

माझ्या मते संपूर्ण विषय त्या टर्नरच्या एका वाक्यात आहे. कामगाराला परकी भाषा येत नाही याचे कारण त्याची स्मरणशक्ती कमी पडते, हे नाही. न कळल्याचे कबूल करणे हा त्याच्या जगात अपराध आहे, हे खरे कारण आहे. शाळेत छडी, कारखान्यात ब्रेक. भाषा तर ‘कळले नाही’ या वाक्यापासूनच सुरू होते. चांगला खेळ एवढेच करतो की, तासाभरासाठी हा अपराध रद्द करतो. तेथे न विचारणारा हरतो आणि विचारणारा जिंकतो.

मात्र कोणताही खेळ हे काम करतो असे नव्हे, आणि येथे उत्साही मंडळींना थोडे थांबवले पाहिजे. आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी विटीदांडू खेळताना वकट, लेंड, मुंड, नाल अशी मोजणी केली आहे. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या आकड्यांशी तिचे नाते उघड आहे. मास्तर नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही; तरी परक्या भाषेचे आकडे पिढ्यानुपिढ्या मराठी पोरांच्या जिभेवर बसले. खेळाची ताकद ती हीच. पण वकट-लेंड म्हणणाऱ्या पोराला आपण तेलुगू बोलतो आहोत याचा पत्ता नसतो, आणि त्या भांडवलावर सोलापूरच्या पद्मशाली विणकराला चादरीचा भाव त्याला विचारता येत नाही. खेळाने आकडे दिले, संवाद दिला नाही. कारण त्या खेळात समोरच्याकडून काही जाणून घेण्याची गरजच नव्हती. कारखान्याच्या भिंतीवरच्या सेइरी-सेइतोनची गत तीच. वर्गात टाळ्या वाजवून शब्द म्हणवून घेणे, चेंडू फेकून क्रियापदे विचारणे हे प्रकार मन रमवतात, झोप उडवतात. त्यांना माझा विरोध नाही. पण तो रंग लावलेला पाढाच आहे. एकाजवळ माहिती आहे, दुसऱ्याजवळ नाही, आणि बोलल्यावाचून ती मिळणार नाही, अशी अडचण खेळात असेल तरच तो संवादाचा खेळ.

ही कल्पना विलायतेहून आलेली फॅशन आहे असे मानणाऱ्यांसाठी सांगतो की, तिचा एक मोठा प्रयोग आपल्या शेजारीच झाला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगलोर, मद्रास, कडप्पा अशा ठिकाणच्या साध्या शाळांत इंग्रजी शिकवण्याचा प्रकल्प चालवला. व्याकरणाचा क्रमवार अभ्यासक्रम त्यांनी बाजूला ठेवला. मुलांपुढे रेल्वेचे वेळापत्रक, नकाशे अशी सामग्री ठेवावी, तिच्यावर आधारलेले कोडे घालावे आणि मुलांनी ते इंग्रजीच्या साहाय्याने सोडवावे, अशी रीत. मन अर्थात गुंतले की भाषेची रचना आपोआप अंगवळणी पडते, ही त्यामागची धारणा. जगभरच्या भाषाशिक्षणात ‘बंगलोर प्रकल्प’ आजही अभ्यासला जातो, आपल्या डी. एड., बी. एड.च्या वर्गांत त्याला किती जागा मिळते हे शिक्षकमित्रांनीच सांगावे. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. मुलांना गटागटांत सोडून देण्यास प्रभू फारसे अनुकूल नव्हते. एकमेकांची अशुद्ध भाषा मुले उचलतील अशी त्यांना शंका होती. लहान मुलांच्या बाबतीत ती रास्त असेल. प्रौढ कामगारांच्या बाबतीत मला तिचे भय वाटत नाही. ज्याला तोंडच उघडू दिलेले नाही, त्याला आधी शुद्धतेची ताकीद देण्यात अर्थ काय?

पाउलो फ्रेरे यांचे नाव आपल्या वाचकांना अपरिचित नाही. १९६३ साली ब्राझीलच्या आंजिकोस गावी सुमारे तीनशे मजुरांना त्यांच्या पद्धतीने चाळीस तासांच्या वर्गांतून साक्षर करण्यात आले. पहिले शब्द मजुरांच्या जगण्यातून निवडलेले असत. वीट हा शब्द घेतला की विटेवरून घर कोणाचे, भाडे किती, मजुरी किती अशी चर्चा सुरू होई. पुढच्याच वर्षी लष्करी राजवट आली आणि फ्रेरे तुरुंगात गेले. शब्द कोणते निवडावेत या प्रश्नाला सत्ताधारी किती गांभीर्याने घेतात याचा हा दाखला आपल्या जुन्या कार्यकर्त्यांनी ध्यानात घ्यावा.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप तत्त्वाचा आहे: मालकाची भाषा कामगाराला शिकवणे म्हणजे परकीय भांडवलाची हमाली. हा आक्षेप ऐकायला कडक वाटतो, पण त्याच न्यायाने जोतीराव आणि सावित्रीबाईंनी शूद्रातिशूद्रांसाठी इंग्रजी शिक्षणाचा धरलेला आग्रहही चूक ठरेल. मालकाची भाषा न येणारा कामगार मालकाच्या तावडीतून सुटत नाही. तो दुभाष्याच्या तावडीतही सापडतो. दुभाषी पगार मालकाकडूनच घेतो, हे विसरू नये.

दुसरा आक्षेप वयाचा. पोराबाळांचे बाप झालेले लोक चिठ्ठ्या उचलणार काय? राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर खेळलेल्या मंडळींनी तरी हा आक्षेप घेऊ नये. तेथे खेळ हा शिक्षणाचा भाग होता, आणि मैदानात कोणाची जात वा हुद्दा विचारला जात नसे. तरीही संकोच असतो हे मान्य. तो मी पाहिला आहे. खेळ बालिश असेल तरच तो टिकतो. प्राण्यांची चित्रे, फुगे, टोप्या घेऊन प्रौढांपुढे गेलात तर ते उठून जातील, आणि त्यांनी जावेच. पाळ्यांचा तक्ता, पगाराची चिठ्ठी, बसचा मार्ग, औषधाची बाटली या वस्तू घेऊन गेलात तर ते बसतात.

तिसरी गोष्ट आक्षेप नव्हे, धोका आहे. खेळांचे महत्त्व आपल्याआधी व्यवस्थापनाने ओळखले आहे. मनुष्यबळ विभागाची माणसे वर्षातून एकदा कामगारांना हॉटेलच्या हिरवळीवर नेऊन दोरीखेच, संगीतखुर्ची खेळवतात आणि त्याला संघभावना म्हणतात. सोमवारी सकाळी संघभावनेचा संघ मात्र चालत नाही! भाषेच्या वर्गातही हेच येऊ शकते. ग्राहकाचे स्वागत करा, साहेबांची क्षमा मागा, उशिराचे कारण सांगा, अशाच प्रसंगांची नाट्ये कामगारांकडून करवून घेतली तर खेळ चालेल, हशा पिकेल आणि शिकलेली भाषा होयबाची असेल. म्हणून खेळाच्या चिठ्ठ्या कोण लिहितो हा प्रश्न कळीचा आहे.

तळवड्याच्या वर्गात आम्ही काही चिठ्ठ्या स्वतः लिहिल्या. एका खेळात एकजण जखमी कामगार होतो, दुसरा डॉक्टर, तिसरा पर्यवेक्षक. जखम कोठे झाली, किती वाजता, यंत्राचे संरक्षक झाकण जागेवर होते की नव्हते, हे डॉक्टरने विचारून काढावयाचे. पर्यवेक्षकाच्या चिठ्ठीवर वेगळीच हकीकत लिहिलेली असते. दुसऱ्या खेळात पगाराच्या चिठ्ठीतील तफावत शोधावयाची. तिसऱ्यात कामगार ‘बेट्रीब्सराट’कडे तक्रार घेऊन जातो. हा शब्द जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने विमानात बसण्यापूर्वी शिकला पाहिजे. पाच किंवा अधिक कायम कामगार असलेल्या जर्मन आस्थापनेत कामगारांना आपली ही समिती निवडून आणण्याचा कायदेशीर हक्क आहे. ‘गेवेर्कशाफ्ट’ म्हणजे कामगार संघटना, आय. जी. मेटाल ही तेथील धातुउद्योगातील बलाढ्य संघटना. पहिल्या वर्षाच्या पाठ्यपुस्तकांत भाजी, हवामान आणि छंद यांना भरपूर जागा असते. या शब्दांची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

हे सारे तातडीचे होण्याचे कारण सरकारी धोरणही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. दहा हजार कुशल तरुणांना तिकडे पाठवावयाचे, त्यांना आधी येथे जर्मन शिकवावयाचे, असा संकल्प जाहीर झाला. आरोग्यसेवा, वीजजोडणी, नळकाम, वाहनचालन अशी कामे त्यात होती. असल्या घोषणांत आकडा मोठा असतो आणि शिकवणाऱ्याच्या मानधनाचा उल्लेख बारीक टाइपात असतो, हा आपला नेहमीचा अनुभव. पण त्याहून मूलभूत मुद्दा असा की, गोएथे इन्स्टिट्यूटची पहिल्या पायरीची ‘ए-१’ ही परीक्षा स्वतःच निम्मा खेळ आहे. तिच्या तोंडी भागात जास्तीत जास्त चार उमेदवार एकत्र बसतात, शब्दांची आणि चित्रांची कार्डे उचलतात, आणि त्यावरून एकमेकांना प्रश्न विचारतात, विनंती करतात, उत्तर देतात. साठ-सत्तर जणांच्या वर्गात समूहपठण करून आलेल्या उमेदवाराने त्या टेबलाशी बसून काय बोलावे? त्याला नापास करणारा परीक्षक नसतो. त्याला दिलेली शिकवणी असते.

येथे एक खबरदारीची सूचना द्यावीशी वाटते. डिसेंबर २०२३ मध्ये याच तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावण्याच्या शोभेच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्याला आग लागून स्त्री कामगारांचे बळी गेले. जर्मन वा जपानी येत नव्हते म्हणून त्या बायका मेल्या नाहीत. त्या मृत्यूंचा जाब तपासणी यंत्रणेला आणि मालकवर्गालाच विचारावा लागेल. भाषेचा वर्ग सुरक्षा देत नाही, संघटनेची जागा घेत नाही. मी एवढेच म्हणतो की, ‘या डब्यात काय आहे’ हे विचारण्याची सवय कोठेतरी लागावी लागते, आणि ती कोणत्याही भाषेच्या वर्गात लागू शकते.

मराठीच्या वर्गातही. या पट्ट्यात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेल्या कामगाराला मराठी ही परकी भाषाच असते. मराठी बोलत नाही म्हणून माणसांना मारहाण झाल्याचे प्रकार महाराष्ट्राने २०२५ साली पाहिले. थप्पड खाऊन कोणाला भाषा आल्याचे मी ऐकलेले नाही. याउलट मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने अमराठी प्रौढांसाठी ‘माय मराठी’ ही पाठ्यपुस्तके तयार केली, तीही परकी भाषा शिकवण्याच्या संवादप्रधान पद्धतीने. जर्मन शिकवण्यातून कमावलेले कसब मराठीच्या कामी आले. पाळ्यांच्या तक्त्याचा आमचा खेळ मराठीतही जसाच्या तसा चालतो. दोन ओडिया तरुणांबरोबर तो करून पाहिला. त्यांनी वाचलेले ‘साडेसात’ आणि ‘पावणेआठ’ कानांवर पडताच आमचेच पंच गोंधळले, इतक्या वेगाने ते बोलत होते.

कार्यकर्त्यांनी यात काय करावे? भाषा शिकवणे हे आपले काम नव्हे, ते प्रशिक्षित शिक्षकांचेच. पण कामाच्या गरजेपोटी शिकावयाची भाषा कामगाराने स्वतःच्या झोपेच्या वेळेत का शिकावी? वर्गाचा वेळ पाळीत धरला जावा, एका वर्गात वीसांहून अधिक माणसे नसावीत आणि शिक्षकाला तासाच्या भाड्यावर न ठेवता रीतसर नेमावे, या तीन गोष्टी मागणीपत्रकात सहज बसतात. चौथी मागणी मालकाकडे करावयाची नाही. ती आपल्याच युनिट सभासदांकडे आहे: आपापल्या खात्यात रोज कोणते प्रश्न विचारावेसे वाटतात आणि विचारले जात नाहीत, ते मराठीत लिहून द्यावेत. आजवर एकेचाळीस प्रश्न आले आहेत. सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न असा आहे: ‘हा ओव्हरटाइम कोणाच्या सांगण्यावरून लावला?’ त्याचे जर्मन भाषांतर बाईंनी केले. जपानीसाठी शिक्षक शोधतो आहोत.